फोर्कलिफ्टभोवतीची लाल रेषा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी ज्या गोदामाची जबाबदारी सांभाळतो, तेथे गेल्या वर्षी एका हेल्परचा पाय फोर्कलिफ्टच्या, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी काट्यांनी माल उचलणाऱ्या गाडीच्या, मागच्या चाकाखाली सापडला. तो गाडीच्या वाटेत उभा नव्हता. गाडीच्या उजव्या अंगाला उभा राहून पॅलेट, म्हणजे माल रचायच्या सपाट चौकटी, मोजत होता. चालकाने रॅकच्या गल्लीत शिरण्यासाठी गाडी डावीकडे वळवली, त्याची नजर साहजिकच पुढच्या काट्यांवर होती आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे झोकला गेला. हेल्परच्या पायात सेफ्टी शूज होते आणि बोटांवरची पोलादी टोपी शेवटपर्यंत शाबूत राहिली. पण चाक चढले ते टोपीच्या मागे, जेथे नुसते चामडे असते. दोन शस्त्रक्रिया होऊनही तो आजही लंगडतच चालतो. त्या घटनेनंतर आम्ही चारही गाड्यांना लाल रेषेचे दिवे बसवले. हे परीक्षण त्या दिव्यांचे आहे.

दिव्यांविषयी सांगण्याआधी गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण गोदामात नव्याने आलेल्या माणसाला ती मोटारीसारखीच वाटते. मोटार पुढच्या चाकांनी वळते, फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी. त्यामुळे तोंड ज्या दिशेला वळते, त्याच्या उलट दिशेला शेपूट फिरते, आणि तेही क्षणार्धात. अडीच टन माल उचलणारी गाडी स्वतः साधारण साडेतीन ते चार टनांची असते, कारण मालाचा तोल सावरण्यासाठी तिच्या पाठीत काउंटरवेट, म्हणजे जड वजन, घातलेले असते. सेफ्टी शूजची टोपी प्रमाणित चाचणीत सुमारे दीड टनाचा दाब सोसते, पण माल भरलेल्या अशा गाडीच्या पुढच्या एकेका चाकावर त्याहून बराच अधिक भार येतो. त्यामुळे ‘शूज घातले आहेत ना’ एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये.

दिवा चालकाच्या डोक्यावरील छताच्या कडेला बसतो आणि जमिनीवर, गाडीपासून ठरावीक अंतरावर, लाल प्रकाशाची सरळ रेषा आखतो. आम्ही हे अंतर एक मीटर ठेवले आहे. या उपकरणाचा खरा गुण ती रेषा गाडीबरोबर फिरते, यात आहे. शेपूट झोकू लागले की काउंटरवेट पोचण्याआधी रेषा माणसाच्या पायाशी येते. बसवल्याच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगा मालाची चिठ्ठी वाचत उभा होता. लाल पट्टा त्याच्या बुटाच्या टोकावर चढला आणि मान वर न करताच तो दोन पावले मागे सरला. हॉर्नने हे साधत नाही, कारण गोदामात दिवसभर हॉर्न वाजत असतात आणि कोणता आपल्यासाठी वाजला हे कोणालाच कळत नाही.

आता उणिवा. विक्रेत्याने दिलेल्या संचात फक्त दोन्ही बाजूंचे दिवे होते, मागचा दिवा वेगळा मागवावा लागला. रिव्हर्समध्ये घडणारे अपघात लक्षात घेता तो संचातच असायला हवा होता, आणि याबद्दल माझी तक्रार गंभीर आहे. गोदामाच्या आतल्या मंद उजेडात रेषा ठसठशीत दिसते. डॉकवर, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी, दुपारचे ऊन आले की ती जवळजवळ नाहीशी होते. काचेवर धूळ बसते, म्हणून प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ती पुसावी लागते. एका गाडीचा दिवा रॅकला घासून वाकला, रेषा चाकाच्या अगदी जवळ सरकली आणि ते आमच्या लक्षात यायला चार दिवस गेले. चुकीच्या जागी पडलेली रेषा खोटा भरवसा देते, म्हणून आता आम्ही दर सोमवारी टेप लावून अंतर मोजतो.

सवयीचा प्रश्न मला अधिक छळतो. तिसऱ्या महिन्यापासून काही जण रेषा ओलांडून सर्रास जाऊ लागले. मग आम्ही नियम केला की रेषेच्या आत माणूस आला की चालकाने गाडी थांबवायची, काटे जमिनीला टेकवायचे आणि माणूस बाहेर जाईपर्यंत हलवायची नाही. कामाचा वेग थोडा घटला, वरून विचारणाही झाली. तरीही मी नियम बदललेला नाही.

गाडी उलटणे आणि उंचावरून माल पडणे, या दोन्हींवर या दिव्याचा काडीचाही उपयोग नाही. गाडी कलंडताना चालक उडी मारायला जातो आणि नेमका छताच्या लोखंडी चौकटीखाली चिरडला जातो. त्यासाठी सीटबेल्ट लावणे, कलंडताना जागेवरच घट्ट धरून बसणे आणि माल खाली ठेवूनच गाडी चालवणे, हेच उपाय आहेत. पायी चालणाऱ्यांसाठी कठडे लावलेली वेगळी वाट आखता येत असेल, तर पैसे आधी तिच्यावर खर्च करावेत. आमच्याकडे अरुंद गल्ल्यांमुळे ती सगळीकडे शक्य नव्हती. अशा गोदामांनी हे दिवे जरूर घ्यावेत, मागच्या दिव्यासह घ्यावेत, आणि बसवणारा माणूस परतण्याआधी गाडी दोन्ही दिशांना पूर्ण वळवून रेषा कोठून कोठे जाते हे सगळ्या हेल्परना समोर उभे करून दाखवावे.