दोन किलो खरकटे आणि दोन तासांची ज्योत: घरगुती बायोगॅस संयंत्राचा दीड वर्षाचा अनुभव

साताऱ्यातील आमच्या घराच्या परसात घरगुती बायोगॅस संयंत्र बसवून आता दीड वर्ष झाले. एक हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीत खरकट्याचा काला कुजतो आणि तिच्या आत पालथी घातलेली साडेसातशे लिटरची दुसरी टाकी गॅस साठेल तशी वर सरकते, एवढीच त्याची रचना आहे. ही रचना मूळची पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेतील डॉ. आनंद कर्वे यांची असून तिला २००६ साली शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधील अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता. आमचे संयंत्र मात्र त्या संस्थेचे नाही. त्याच धर्तीवर टाक्या बनवणाऱ्या एका विक्रेत्याकडून ते अठ्ठावीस हजार रुपयांना घेतले. तेव्हा पुढे जे दोष सांगितले आहेत ते त्या विक्रेत्याचे आणि काही अंशी माझ्या भाबडेपणाचे आहेत, मूळ कल्पनेचे नव्हेत.

मूळ कल्पना खरोखरच विचार करण्याजोगी आहे. गोबरगॅस म्हटले की गोठा आणि रोजचे चाळीस किलो शेण डोळ्यांपुढे येते. परंतु शेण म्हणजे जनावराने पचवून, त्यातले सत्त्व काढून घेऊन टाकलेला चोथा असतो, आणि गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना हाच चोथा खाऊ घालण्यापेक्षा थेट पिष्टमय अन्न दिले तर थोड्या मालात पुष्कळ गॅस मिळेल, असा कर्व्यांचा युक्तिवाद आहे. दोन किलो पिष्ट किंवा साखर घातल्यास सुमारे अर्धा किलो मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, मिळतो, असे त्यांच्या मांडणीत आहे.

आमच्या विक्रेत्याच्या पत्रकात याच वाक्याचे रूपांतर ‘दोन किलो स्वयंपाकघरातील कचरा घाला, रोज दोन तास शेगडी पेटवा’ असे झाले होते, आणि सारी मेख तिथेच आहे. रसायनशास्त्राप्रमाणे एक किलो कोरडे पिष्ट पूर्णपणे पचले तरी तीनशे ग्रॅमच्या आतच मिथेन निघतो. भाताचे उरलेले शित, भाज्यांची देठे, फळांच्या साली यांत मात्र वजनाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग पाण्याचा असतो. म्हणजे दोन किलो ओल्या कचऱ्यात कोरडा माल चारपाचशे ग्रॅम आणि त्यातून मिळणारा मिथेन फार तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम, तोही सगळे सुरळीत पचले तर. हा हिशेब मी टाकी बसवल्यानंतर केला, हे येथे कबूल केले पाहिजे.

प्रत्यक्षात काय झाले ते सिलिंडरवरून सांगतो, कारण तोच या घरात विश्वासाचा मापक आहे. पाच माणसांच्या आमच्या कुटुंबात १४.२ किलोचा सिलिंडर पूर्वी चाळीस दिवस पुरत असे. आता सरासरीने बावन्न दिवस पुरतो. वर्षाचे नऊ सिलिंडर सातवर आले. एक सिलिंडर नऊशे रुपयांचा धरला, तर अठराशे रुपये वाचले आणि टाकीचे पैसे फिटायला पंधराहून अधिक वर्षे लागतील. मे महिन्यात ज्योत रोज पस्तीस-चाळीस मिनिटे चालते. डिसेंबरच्या अखेरीस, रात्रीचा पारा बारा अंशांच्या आसपास उतरला की, सकाळचा चहा कसाबसा होतो आणि दूध तापवायला पुन्हा सिलिंडरकडे वळावे लागते. थंडीत जिवाणू सुस्तावतात, त्याला इलाज नाही. काल्यात कोमट पाणी घालून थोडा फरक पडला; पण पाणी कोमट करायलाही गॅसच जाळावा लागतो!

ज्योतीबद्दल तक्रार नाही. ती निळी, जवळजवळ न दिसणारी आणि काजळी न धरणारी आहे. मात्र हा गॅस कमी दाबाने येतो आणि त्यात बराचसा कार्बन डायऑक्साइड असल्यामुळे त्याला मोठ्या छिद्राचा बर्नर लागतो. विक्रेत्याने दिलेल्या शेगडीला सिलिंडरचाच बारीक जेट (गॅस सोडणारे छिद्राचे तोंड) होता, त्यामुळे पहिले सहा आठवडे ज्योत पेटताक्षणी फडफडून विझत असे. त्याचा माणूस तीनदा ‘उद्या येतो’ म्हणाला. अखेर गावातल्या शेगडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने छिद्र मोठे करून दिले. पत्रकात न लिहिलेली दुसरी गोष्ट म्हणजे नळीत साचणारे पाणी. गॅसबरोबर वाफ येते, तिचे नळीच्या झोळ पडलेल्या भागात पाणी होते आणि ज्योत उचक्या देऊ लागते. नळीला सलग उतार देऊन सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढायची तोटी बसवावी लागते.

सर्वांत मोठी फजिती आंब्याच्या दिवसांत झाली. घरी पाहुणे होते, दोन दिवस आमरसाचा बेत होता आणि साली-कोयींसह नऊ-दहा किलो ऐवज मी मोठ्या उत्साहाने टाकीत ढकलला. दुसऱ्या दिवशी वरची टाकी कधी नव्हे इतकी उंच चढली. मी तिच्यावर दाबासाठी आणखी एक दगडही ठेवला. काडी लावली तर गॅस पेटेना. टाकी आंबली होती. एकदम मिळालेल्या गोड खाद्याचे आम्ल झाले, मिथेन करणारे जिवाणू गारद झाले आणि वर साठला तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. आठवडाभर टाकीला उपास घडवला, गवळ्याकडून बादलीभर शेणकाला आणून ओतला, थोडी चुन्याची निवळी घातली, तेव्हा कुठे सतराव्या दिवशी ज्योत परतली. तोवर परसात जो दर्प होता, त्याचे वर्णन न केलेले बरे.

वीज मंडळातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी त्या काळात फाटकाशी उभे राहून म्हटले, “अहो, अठ्ठावीस हजारांत तुम्ही गाय पाळायला हवी होती, निदान दूध तरी मिळाले असते.” गाईची थट्टा सोडली तर त्यांचा खरा मुद्दा सौर पॅनेलचा होता आणि तो मात्र विनोदावारी नेण्यासारखा नाही. एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते, त्यावर पीएम सूर्यघर योजनेतून तीस हजारांचे अनुदान मिळते आणि त्या विजेवर इंडक्शन शेगडी चालते. माझी टाकी रोज वाचवते तो सुमारे ऐंशी ग्रॅम गॅस. त्यातली उष्णता जेमतेम एका युनिटाएवढी. शिवाय पॅनेलला खरकटे वाटून घालावे लागत नाही, फार तर महिन्यातून एकदोनदा फडका मारावा लागतो. निव्वळ इंधन म्हणून तुलना केली तर ते सरळसरळ जिंकतात आणि मी तसे त्यांना सांगितले आहे.

तरीही टाकी काढून टाकण्याचा विचार आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही. आमच्या गल्लीत घंटागाडी एक दिवसाआड येते. पूर्वी दोन दिवसांचे खरकटे मोरीपाशी कुजत पडे आणि त्यावर मांजरांची वर्दळ असे. आता सकाळी ते मिक्सरमधून फिरवून तेवढ्याच पाण्यासह तोंडाच्या पाइपात ओतले की दुसऱ्या बाजूने तितकीच पातळ मळी बाहेर येते, आणि ती पाणी घालून दिल्यावर आमचा कढीलिंब दोन पावसाळ्यांत छपराला लागला. या कामाला रोज दहा-बारा मिनिटे लागतात आणि ती न कुरकुरता देणारे एक माणूस घरात असावे लागते. आमच्याकडे ते काम आईने स्वतःहून घेतले आहे. ती नसती तर हे संयंत्र सहा महिन्यांत पाण्याची टाकी झाले असते, याविषयी मला शंका नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी, महिन्यातून आठ दिवस बाहेरगावी असणाऱ्यांनी आणि केवळ सिलिंडरचा खर्च वाचवू पाहणाऱ्यांनी हे घेऊ नये. ज्यांची खानावळ आहे, मंगल कार्यालय आहे किंवा पिठाची गिरणी आहे, ज्यांच्याकडे भात, पोळ्या, जमिनीवर सांडलेले पीठ असा पिष्टमय माल रोज ठरावीक निघतो, त्यांचे गणित माझ्यापेक्षा पुष्कळ बरे बसेल, कारण त्यांच्या दोन किलोंत पाणी कमी असते. घ्यायचेच ठरले तर विक्रेत्याला किमतीच्या आधी हे विचारावे की पत्रकातले दोन किलो ओले की सुके. आणि शेगडीचा जेट त्याच्यासमोर उघडून पाहावा.