नवी साय-फाय, फँटसी, हॉरर: कागदावर वाचायची, ई-रीडरवर की कानाने ऐकायची?

फोंड्याला शिकणाऱ्या भाच्याचा परवा फोन आला, मामा, थोडे पैसे साठलेत, ई-रीडर घेऊ की तेवढ्यात नवी आलेली पाच-सहा पुस्तकं घेऊ, का सरळ ऑडिओवालं सबस्क्रिप्शनच घेऊन टाकू? फोनवर जमेल तेवढं सांगितलं पण ते अर्धवट राहिलं, म्हणून नीट लिहून काढतोय. मी हे तिन्ही प्रकार वापरलेत, ई-रीडरला (म्हणजे किंडलसारखं, फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र) आता पाच वर्षं होतील. कुठला किती जीबीचा आणि बॅटरी किती दिवस चालते हे तुम्ही बघून घ्यालच, मी फक्त नवीन पुस्तकांबद्दल बोलतो, आणि तेही याच तीन प्रकारांबद्दल. आत्मचरित्र किंवा इतिहास वाचणाऱ्याचं गणित वेगळं असेल.

ताजं पुस्तक हवं असेल तर पहिला फरक वेळेचा. अमेरिकेत नवी पुस्तकं मंगळवारी येतात, इंग्लंडमध्ये गुरुवारी, आणि ई-बुक साधारण त्याच दिवशी आपल्याकडेही उघडतं. कागदी प्रत म्हापशात माझ्या हातात यायला कधी आठवडा, कधी दीड महिना. आपल्याकडे बऱ्याचदा हार्डबॅकऐवजी मोठ्या आकाराची पेपरबॅक येते, एक्स्पोर्ट एडिशन म्हणतात तिला, ती घ्यावी असं मला वाटतं, हार्डबॅकपेक्षा स्वस्त आणि छोट्या पेपरबॅकसाठी वर्षभर थांबावं लागत नाही. ह्यूगो या साय-फाय-फँटसीच्या मोठ्या पुरस्काराची नामांकनं मार्च-एप्रिलच्या सुमारास जाहीर होतात तेव्हा मात्र ई-रीडरसारखं सुख नाही, सगळ्या कादंबऱ्यांची सॅम्पल प्रकरणं फुकट उतरवून घ्यायची, दोन रात्रीत चाळायची आणि कुठली पूर्ण वाचायची ते ठरवायचं. हे मी अजूनही करतो.

आता गोव्यात राहणारा माणूस कागदाविरुद्ध पहिली तक्रार करणार ती पावसाची, आणि ती खोटी नाहीच. हवेत ६५ टक्क्यांच्या वर ओल राहिली की बुरशी धरायला लागते आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. माझ्या घराची मागची भिंत चिऱ्याची आहे, तिला टेकून कपाट ठेवलं होतं, एका चवथीला साफसफाई करताना बघितलं तर खालच्या खणातल्या पुस्तकांच्या कडांवर हिरवट पांढरी पूड, दोन पुस्तकांना कसर लागलेली, आणि एका जाड कादंबरीची बाइंडिंगची गोंद सुटून मधली वीस-पंचवीस पानं वेगळी हातात आली. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. त्याच महिन्यात मी ई-रीडर घेतला, म्हणजे बुरशीनेच मला तिकडे ढकललं म्हणा ना.

पण बुरशीवर उपाय आहेत आणि ते करून बघितलेत म्हणून सांगतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, पुस्तकं खच्चून न भरता मध्ये हवा खेळेल एवढी जागा सोडली, खणात वेखंडाचे तुकडे आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या (पुड्या महिन्याभरात ओल्या होतात, बदलाव्या लागतात), पावसाळाभर आत विजेचा एक छोटा दिवा पेटता. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने अजिबात पुसायचं नाही, बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडायचं. गेली तीन वर्षं एकही पुस्तक गेलेलं नाही. म्हणून म्हणतो, फक्त ओलीला घाबरून निर्णय घेऊ नका.

ऑडिओबद्दल आधी सांगून टाकतो कारण त्यात मला फारशी शंका नाही. हॉरर ऐकावी. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात आलं आणि तेव्हापासून मराठीत ऐकायला बरंच मिळतं, भयकथा तर भरपूर. मला वाटतं भीती हा मुळात कानाचाच प्रकार आहे. आमची आजी देवचाराच्या गोष्टी सांगायची, हातात दांडा आणि दिवटी घेऊन रात्री गावाची राखण करत फिरणारा देवचार, ती सांगता सांगता मध्येच थांबायची आणि बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकायचं, तो थांबा कागदावर छापता येत नाही. चांगला वाचणारा असला की तो थांबा ऑडिओत परत मिळतो. मी म्हापसा-पणजी बसने रोज ये-जा करतो, पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून बसमध्ये वेळच वेळ असतो आणि तेवढ्यात एक कथा आरामात होते. पण हेच जाड फँटसीला लावायला गेलात तर कठीण आहे. एक तर ती वीस-पंचवीस तासांची असते, आणि त्यातली गावांची नावं, राजांची नावं, देवांची नावं नुसती ऐकून डोक्यात बसत नाहीत, डोळ्यांना एकदा दिसावी लागतात, निदान मला तरी. बसमध्ये कंडक्टरने तिकीट विचारलं तेवढ्यात कोण मेला ते निसटलं तर मग तीस-तीस सेकंद मागे जात बसा.

म्हणजे खरा सामना कागद आणि ई-रीडरचा.

ई-रीडरच्या बाजूने जे आहे ते मनापासून सांगतो. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून इंग्रजी पेपरबॅकचा टाइप मला बारीक पडतो, तिथे अक्षर मोठं करता येतं. साडेसातशे पानांचं पुस्तक झोपून छातीवर धरावं लागत नाही. जूनमध्ये पहिल्या वाऱ्या-पावसात लाईट जाते, तेव्हा स्वतःच्या उजेडावर चालणारा तो पडदा म्हणजे वरदान, एकदा अख्खी रात्र लाईट नव्हती, बाहेर बेडूक ओरडत होते आणि मी एक ताजी हॉरर कादंबरी पहाटेपर्यंत संपवली, तशी मजा पुन्हा आली नाही. साय-फायमध्ये तळटीपा असल्या की बोट लावलं की टीप तिथेच उघडते, कागदावर शेवटी जाऊन यावं लागतं. मराठीही आता वाचता येतं, किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून आहेत. एवढं सगळं असूनही मी परत कागदाकडे आलो, आणि त्याचं कारण एकच, मागे जाणं.

हे जरा सविस्तर सांगतो कारण दुकानात उभं राहून हे कळत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी एका नव्या मालिकेचा पहिला भाग ई-रीडरवर घेतला. सुरुवातीला नकाशा, मग दोन घराण्यांच्या वंशावळी, शेवटी शब्दांची यादी, म्हणजे नेहमीचा थाट. पाच दिवस ऑफिसच्या कामात वाचन सुटलं, परत उघडलं तर एक माणूस दगा देतो, आणि लेखकाने तो प्रसंग असा लिहिलाय की हा माणूस कोण ते आपल्याला आठवायलाच हवं. मला आठवेना. एवढं नक्की माहीत होतं की फार आधी कुठेतरी विहिरीपाशी एक पोरगा उभा होता आणि त्याने कुणालातरी पाणी दिलं नव्हतं. नाव आठवत नाही. आता ई-रीडरमध्ये शोधायची सोय आहे, पण शोधायला शब्द लागतो आणि मी तर नेमका तोच विसरलेलो. विहीर टाकून बघितलं, सत्तर-ऐंशी ठिकाणी विहीर. पान न सोडता पुढे-मागे चाळायची सोयही असते, ती मला माहीत आहे, ती वापरली, पण छोट्या छोट्या चौकटीत सगळी पानं एकसारखी दिसतात आणि पडदा दर वेळी झपकन काळा होऊन मग उजळतो, दहा पानं मागे गेलो की आपण काय शोधत होतो तेच डोक्यातून जातं. पात्रांची माहिती देणारी सोय काही पुस्तकांत असते काहींत नसते, आणि तिच्यात पुढचं फुटायची भीती. नकाशा उघडला तर तो टपाल तिकिटाएवढा, मोठा केला तर नदीचं नाव अर्धं पडद्याबाहेर. शेवटी नाद सोडून पुढे वाचत गेलो आणि ज्या प्रसंगाला छातीत कळ यायला हवी होती तो कोरडा गेला.

नंतर तेच पुस्तक कागदावर घेतलं. विहिरीचा प्रसंग मी दोन मिनिटात काढला, कारण सुरुवातीचा कुठला भाग ते पानांच्या जाडीवरून हाताला अंदाजे ठाऊक होतं, आणि एकदा सापडल्यावर तो डाव्या पानावर खाली आहे हे आता मी विसरणार नाही. कागदावर गोष्टीला जागा असते. अंगठा नकाशात, दुसरं बोट वंशावळीत, असं धरून मी वाचतो आणि दर तीन-चार पानांनी नकाशावर जाऊन येतो, विचार करावा लागत नाही. नव्या फँटसीत लेखक अख्खा मुलूख उभा करतो, तो फिरून बघायचा तर मागे-पुढे जाता यायलाच हवं. कुणी म्हणेल तुझी स्मरणशक्ती कमी, असेलही, पण पाचशे पानांपूर्वीचा पोरगा किती जणांना आठवेल?

अजून एक छोटी गोष्ट याच जातीची. ई-रीडर खाली टक्के दाखवतो. ८७ टक्के झाले होते, म्हटलं अजून बरीच गोष्ट आहे, उद्या रविवारी निवांत शेवट करू, पान उलटलं तर गोष्ट संपलेली, उरलेले १३ टक्के म्हणजे शब्दांची यादी, आभार आणि पुढच्या भागाचं पहिलं प्रकरण. कागदी पुस्तक हातात घेतल्या घेतल्या आपण मागची पानं चाळतो त्यामुळे गोष्ट कुठे संपते ते माहीत असतं आणि शेवटाला मन तयार होतं.

मालकीचं म्हणाल तर, किंडलवर घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. मला त्याने रोजच्या वाचनात काही फरक पडला नाही, पण मालिकेचा तिसरा भाग चार वर्षांनी येतो तेव्हा पहिला भाग घरात असलेला बरा. शिवाय बहिणीला, भाच्याला देता येतो.

एक अपवाद मात्र आहे. कथासंग्रह. कथा वीस-तीस पानांत संपते, मागे जायची गरजच पडत नाही, तिथे ई-रीडर उत्तम. आणि आपली मराठी विज्ञानकथा तर कथेवरच वाढलेली, जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली ती कथाच होती, कादंबरी नव्हे. त्यामुळे जो मुख्यतः कथा वाचतो त्याला मी ई-रीडर नको म्हणणार नाही. ज्याचं घर छोटं आहे, भाड्याच्या खोलीत राहतो, दर वर्षी खोली बदलतो, त्यालाही नाही. आणि पैसे खर्चायच्या आधी कागदावर आपण किती टिकतो ते बघायचं असेल तर पणजीला पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनचं, तिथे एक दुपार जाऊन बसा, पावसात मी अजूनही जातो.

पण साय-फाय किंवा फँटसीची जाड नवी कादंबरी, त्यातून मालिकेचा पहिला भाग असेल, तर मी तरी कागदच घेईन. भाच्याला मी माझा ई-रीडर महिनाभर वापरायला पाठवलाय, सोबत तीच विहिरीवाली कादंबरी, दोन्हीकडे आहे, पडद्यावर पण आणि कागदी पण. चवथीला तो घरी येईल तेव्हा कुठल्या प्रतीत खूण पुढे गेलीय ते बघणार आहे.