हॉल की स्क्रीन? फौजी घरांतल्या ब्लॉगरांचा मेळावा भरवायचा असेल तर

गेल्या काही महिन्यांत दोन-तीन जणांनी एकच गोष्ट विचारली. फौजी घरांतून जी मंडळी ब्लॉग लिहितात त्यांना एकत्र आणायचंय, तर प्रत्यक्ष बोलवावं की ऑनलाइन भेटावं? मी दोन्ही करून पाहिलंय. एकदा दीड दिवसाचा मेळावा, हॉल भाड्याने घेऊन, जेवणखाण धरून. आणि त्यानंतर दर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी ऑनलाइन बैठक, ती अजून चालू आहे. माझा कल कुणीकडे आहे ते लपणार नाही, पण तुमची माणसं वेगळी असतील तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आधी येणारी माणसं कोण ते पाहा. अमेरिकेत लष्करी ब्लॉगरांची परिषद भरायची, २००७ साली आर्लिंग्टनला भरलेल्या परिषदेला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी व्हिडिओवरून शुभेच्छा दिल्या होत्या. तिथे इराकमध्ये असलेले सैनिक स्वतः लिहीत होते. आपल्याकडे सेवेतला जवान लिहीत नाही. आर्मी रूल्स, १९५४ मधला नियम २१ त्याला परवानगीशिवाय सेवेच्या विषयावर काही प्रसिद्ध करू देत नाही, आणि जुलै २०२० मध्ये तर फेसबुक, इन्स्टाग्राम धरून ८९ ॲप फोनमधून काढून टाकायचा हुकूम निघाला. त्यामुळे आपल्या मेळाव्याला येणार ते आम्ही पेन्शनीवर आलेले, आणि जवानांच्या बायका. आम्ही पेन्शनर जुन्या पोस्टिंगच्या आठवणी लिहितो. आजचं, ताजं, जिवंत लिहितात त्या बायका.

आणि बाईचं घरातून निघणं नवऱ्याच्या सुट्टीवर ठरतं. वर्षाची ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल, त्यातही कधी मिळेल आणि कधी रद्द होईल याचा नेम नाही. नवरा सुट्टीला आला असेल तर ती मेळाव्याला येणार नाही, आणि कुणी ये म्हणूही नये. तो फिल्डला, म्हणजे बायकापोरं नेता येत नाहीत अशा पोस्टिंगला असेल तर सासूबाईंचं औषध आणि पोरांची शाळा कुणावर टाकणार? आमच्या हॉलला ज्यांनी ‘नक्की येते’ म्हणून कळवलं होतं त्यांतल्या निम्म्यासुद्धा येऊ शकल्या नाहीत. तारीखही माझीच चुकली होती. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन म्हणून उत्साहाने धरली, तर त्या दिवशी जिकडेतिकडे सरकारी कार्यक्रम आणि वर संक्रांत!

तरीही हॉलमध्ये जे घडलं ते स्क्रीनवर घडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. चहाच्या टेबलाशी दोन बायकांना कळलं की त्या एकाच स्टेशनात, एकाच वर्षी, मागच्या-पुढच्या फॅमिली क्वार्टरमध्ये राहत होत्या. त्यांनी एकमेकींचे हात धरले ते जेवणाची पंगत बसेपर्यंत सोडले नाहीत. एका वीरपत्नीने दोन वाक्यं वाचली आणि ती थांबली, तेव्हा शेजारची नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ऑनलाइन अशी शांतता आली की कुणीतरी हमखास विचारतं, ‘आवाज येतोय का?’ तुमच्या गटात अशा ताई-काकू जास्त असतील, तर पुढचं वाचूच नका. हॉल घ्या, परगावच्यांसाठी सैनिक विश्रामगृहात खोल्या मिळतात का विचारा आणि कामाला लागा.

माझं मत फिरलं ते खुर्च्यांपाशी.

आदल्या रात्री मी स्वतः जाड पेनाने चिठ्ठ्या लिहून सेलोटेपने खुर्च्यांना लावल्या. पुढे सोफे, त्यावर निवृत्त अधिकारी आणि त्यांच्या मिसेस. मागे दोन रांगा आम्हा जेसीओंच्या, म्हणजे अधिकारी आणि जवान यांच्या मधल्या सुभेदार-नायब सुभेदारांच्या. त्यामागे बाकीचे. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत बडाखान्यापासून (सगळ्या युनिटचं एकत्र जेवण) मंदिर परेडपर्यंत जे पाहिलं, ते हाताने आपोआप लिहिलं. आणि सकाळी कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. जो तो आपली चिठ्ठी शोधून बसला.

मग दिवसभर सगळं त्या चिठ्ठ्यांप्रमाणेच चाललं. पहिलं भाषण सोफ्यावरून, पहिला प्रश्न सोफ्यावरून. कुणी वाईट वागलं असं अजिबात नाही. अधिकारी मंडळी अतिशय अदबीने बोलत होती, मागच्यांना पुढे या म्हणत होती. पण बायकांची ओळख ‘अमुक साहेबांच्या मिसेस’, ‘हवालदार तमुक यांची फॅमिली’ अशीच होत राहिली. जिचा ब्लॉग मी दर आठवड्याला न चुकता वाचतो, ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. तिची पाळी जेवणानंतर आली, तीही पाच मिनिटांची. समोरचे सोफे तोवर रिकामे झाले होते, गाडीची वेळ झाली म्हणून. तिने अर्धंच वाचलं आणि ‘बाकीचं नंतर’ म्हणून कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

चिठ्ठ्या काढून खुर्च्या गोल मांडता येतील, हे मला पटतं. एका छोट्या बैठकीत मांडल्याही. तरी कर्नलसाहेब दारातून आले की अर्धं वर्तुळ उठून उभं राहतं आणि बोलणं तिथेच तुटतं. ती सवय मोडायची माझी इच्छा नाही, तिच्यावरच फौज उभी आहे. फक्त लिखाण वाचायच्या दोन तासांत ती आड येते.

स्क्रीनवर सगळ्यांचे चौकोन सारखे. कोण कुठे बसलंय ते फोन ठरवतो, आणि प्रत्येकाच्या फोनवर ते वेगळं दिसतं. आम्ही एवढाच नियम केला की नावाच्या जागी रँक घालायची नाही, ब्लॉगचं नाव घालायचं. पहिल्या दोन बैठका अवघडल्यासारख्या गेल्या. तिसऱ्या खेपेला त्याच ताईंनी ते अर्धं राहिलेलं पूर्ण वाचलं, काळ्या ट्रंकेवरचं. दर पोस्टिंगला नवरा ट्रंकेवरचा जुना पत्ता काळ्या रंगाने बुजवतो आणि वर पांढऱ्याने नवा लिहितो, त्याबद्दल. मध्येच एका चौकोनातून प्रश्न आला, ‘जुना रंग खरवडून काढता का हो?’ विचारणाऱ्या बाई एका निवृत्त ब्रिगेडियरांच्या घरच्या होत्या, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. ताई म्हणाल्या, ‘नाही, वरच्यावर देतो. झाकणाच्या कोपऱ्याला टवका उडाला ना, तिथे पाच थर मोजता येतात.’ मग अर्धा तास सगळ्या आपापल्या ट्रंकांबद्दल बोलत होत्या. हॉलमध्ये हा प्रश्न विचारला गेला असता, असं मला मनापासून वाटत नाही.

ऑनलाइनचा त्रासही कमी नाही. फुकटात झूम ४० मिनिटांनी तुटतं, गूगल मीट ६० मिनिटं चालतं. वाचन रंगात आलेलं असताना तुटलं की फार वाईट वाटतं. त्याहून मोठी काळजी रेकॉर्डिंगची. झूममधून रेकॉर्डिंग चालू केलं तर तशी सूचना सगळ्यांना दिसते, पण कुणी आपल्या फोनवरून पडदा टिपला तर कळायला मार्ग नाही. म्हणून आमच्यात युनिटचं नाव, जागा, हालचालीची तारीख कुणी उच्चारत नाही. क्वार्टरमधून बोलणाऱ्यांनी खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, मागे कोरी भिंत हवी. नव्या माणसाला दोन जुन्यांनी ओळखल्याशिवाय लिंक जात नाही. हॉलमध्ये ही काळजी निम्म्याने कमी असते, हे मान्य करायलाच हवं.

वर्षाला एकदाच काही करायचं असेल आणि मनुष्यबळ असेल तर हॉल वाईट नाही. दर महिन्याला भेटायचं असेल, किंवा तुमच्यात जवानांच्या घरच्या बायका जास्त असतील, तर मी ऑनलाइनच सांगेन. वेळ संध्याकाळी सातच्या आधीची नको, तोवर पोरांचा अभ्यास आणि स्वयंपाक असतो. आणि वाचायचा क्रम चिठ्ठ्या टाकूनच काढा. आमच्यात मागच्या महिन्यात पहिलं नाव कर्नलसाहेबांचं निघालं. त्यांचा आवाज सारखा तुटत होता, म्हणून त्यांनी आपली पाळी ट्रंकवाल्या ताईंना दिली आणि कॅमेरा बंद करून ऐकत बसले.