८.५चा काटा: लेपाचं मेथिओनिन की बायपास पेंड?

गुहागरकडे आमच्या गोठ्यात चार संकरित गायी आहेत, दोन होल्स्टीनच्या आणि दोन जर्सीच्या. निम्मं दूध रतिबाला जातं, उरलेलं संकलन केंद्रावर. रतिबाचं गिऱ्हाईक एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरणारा घन भाग) विचारत नाही. केंद्रावर मात्र ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हाच दराचा पाया, आणि आमची पावती अख्खा पावसाळा ८.२वर अडकून बसलेली. तुमचंही असंच अडलं असेल आणि दुकानदाराने लेपाच्या मेथिओनिनचा एक पाऊच आणि बायपास पेंडीची एक गोणी पुढे ठेवली असेल, तर दोन्ही मी वापरून पाहिल्यात. चुका माझ्या आहेत, तुम्ही फुकट घ्या.

एसएनएफमधलं लॅक्टोज फारसं हलत नाही. हलतं ते प्रोटीन. म्हणून माझा पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच होता: सरकी पेंड दुप्पट केली. पंधरा दिवसांत शेण पातळ झालं, पहाटे गोठ्यात शिरलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे, आणि पावती होती तिथेच. पेंडीतलं बरंचसं प्रोटीन कोठीपोटातले, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू फोडतात आणि त्याचा अमोनिया होतो. त्यातून जंतू आपलं शरीर बांधतात, आणि पुढे आतड्यात गाय तेच जंतू पचवते. जंतूंना पेलवेल त्यापेक्षा अमोनिया जास्त झाला, की यकृत त्याचा युरिया करून बाहेर टाकतं, आणि त्यातही गायीचीच ताकद खर्च होते. म्हणजे पेंडीचे पैसे मी मोरीत ओतत होतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. या जंतूंच्या प्रोटीनमधली अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांचं बनतं ते तुकडे) दुधातल्या प्रोटीनशी चांगली जुळतात, आणि जंतू वाढवायला पिष्ट लागतं. आपल्याकडे पोट भरतं भाताच्या पेंढ्याने. त्यात प्रोटीन जेमतेम ३-४ टक्के, आणि ताकदही बेताचीच. म्हणून मक्याचा भरडा किलोभर वाढवून तीन आठवडे पाहिल्याशिवाय पाऊच-गोणीच्या वादात पडूच नका. आमचं तेवढ्यावरच ८.२चं ८.३ झालं. शेजारी फॅटसाठी तेल पाजतात, ते मात्र करू नका. तेल जास्त झालं की दुधातल्या प्रोटीनची टक्केवारी उलट घसरते.

आता पाऊच. गायीला खरं तर प्रोटीन नाही, अमिनो आम्लं लागतात. त्यात दुधासाठी सर्वांत आधी कमी पडतात ती लायसिन आणि मेथिओनिन, आणि पचलेल्या प्रोटीनमध्ये त्यांचं प्रमाण साधारण ३ला १ असावं असं मानतात. खोबऱ्याच्या पेंडीत लायसिन कमी, सोयाबीनच्या पेंडीत मेथिओनिन कमी. पाऊचमधल्या दाण्यांवर लेप असतो. तो कोठीपोटात टिकतो आणि पुढे सुटतो, म्हणजे जंतूंच्या हाती न लागता माल थेट आतड्यात. मेथिओनिनचा डोस गायीमागे पंधरा-वीस ग्रॅम, मुठीत मावेल एवढा. कागदावर याच्याइतकी नेमकी वस्तू दुसरी नाही, आणि माझं मन पहिल्यांदा तिच्यावरच बसलं होतं.

पण आमच्या घरी आंबोण आहे.

आई गेली चाळीस वर्षं संध्याकाळी पेंड नि कोंडा पाण्यात भिजत घालते आणि पहाटे त्यात ऊन पाणी ओतून घमेली लावते. गाय व्यायली की कुळथाचं माडगं वेगळं. मी पाऊच आणला, डोस सांगितला आणि कामाला निघून गेलो. आईने तो संध्याकाळीच भिजत घातला. तिच्या दृष्टीने अगदी बरोबर, औषध नीट मुरायला नको का! आता यातले काही लेप उष्णतेने खराब होतात, तर काही मुद्दाम आंबटात विरघळतील असेच केलेले असतात, कारण पुढच्या पोटात आम्ल असतं. आणि रात्रभर भिजलेलं आंबोण आंबटच असतं. पुढच्या पोटात सुटायचा लेप आमच्या घमेल्यातच सुटत होता. असे दोन महिने गेले. पावती ८.३वरून हलली नाही, आणि मी कंपनीला शिव्या घालत बसलो.

कारण समजल्यावर महिनाभर मी स्वतः उभा राहिलो. सुक्या भरड्यात मूठभर कालवायचं, एकेका गायीपुढे वेगळं ठेवायचं, ती चाटून संपवेपर्यंत शेजारचीचं तोंड धरून ठेवायचं. मेथिओनिनला गंधकाचा वास असतो. जर्सी नाक उडवायची आणि दाणे गव्हाणीच्या कोपऱ्यात सरकवायची. तरी फरक दिसला. पावतीवर ८.४ आलं, एकदा-दोनदा ८.५सुद्धा. रतिबवाल्या एक काकू आपणहून म्हणाल्या, दही हल्ली घट्ट लागतं. दुधातलं ऐंशी टक्के प्रोटीन केसीन असतं आणि दही त्याचंच बसतं, म्हणून मला काकूंची पारख पावतीपेक्षा खरी वाटली. मात्र दोन गायी तेव्हा वेताच्या, म्हणजे व्यायल्यापासूनच्या, सातव्या महिन्यात होत्या, आणि वेत पुढे सरकलं की प्रोटीन आपसूक वाढतं. सगळं श्रेय पाऊचला देता येणार नाही.

मग मी दोन दिवस मुंबईला गेलो आणि परत आलो तेव्हा दाणे पुन्हा आंबोणात.

गोणीचं काम ओबडधोबड आहे. सोयाबीन, सरकी किंवा मोहरीच्या पेंडीवर मोजून फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करतात, म्हणजे जंतूंना ती सहज फोडता येत नाही आणि प्रोटीन त्यांना चुकवून पुढे जातं, म्हणून ती बायपास. आपल्याकडे हे तंत्र पशुखाद्य कारखान्यांपर्यंत नेण्यात एनडीडीबीचा (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा) मोठा वाटा आहे. गायीमागे दिवसाला किलोभर. नेमकं मेथिओनिन किती पोचलं ते गोणीवरून कळत नाही, प्रक्रिया जास्त झाली असेल तर पेंड आतड्यातही पचत नाही, आणि सोयाबीनच्या गोणीत मेथिओनिनची उणीव उरतेच. मोहरीची पेंड त्या बाबतीत बरी, मिसळलेली मिळाली तर तीच घ्या.

गोणीचा खरा शत्रू आपला पाऊस. आषाढात जमिनीवर टेकलेली गोणी खालून घाम धरते आणि आठवड्यात गोळे होतात. बुरशी आलेली पेंड गायीला घालूच नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं, आणि कायद्याने दुधातली त्याची मर्यादा किलोला अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. माझी अर्धी गोणी शेणखतात गेली. आता फळ्यांच्या माचावर, भिंतीपासून हातभर लांब, आणि जून ते सप्टेंबर एका वेळी एकच गोणी. कटकट आहे, पण ती गोणी आणली की एकदाच करायची.

पाऊचची कटकट दिवसातून दोनदा, आणि तीही माणसाशी. गोणीचं आईला एकच सांगितलं: ही भिजवायची नाही, आंबोण खाऊन झालं की वर पसरायची. पहिले काही दिवस ती पाणी शिंपडायची, पण निदान रात्रभर मुरवत नव्हती. आमची पावती ८.४वर टिकली आहे, कुणी उभं राहिलेलं नसताना. पाऊचच्या चांगल्या दिवसांइतकी नाही, हे मान्य.

तुमची गाय अठरा-वीस लिटरची असेल, खाद्य सुकं मिसळून देत असाल आणि गोठ्यात पगारी माणूस असेल, तर पाऊचच घ्या, मी आड येणार नाही. तशा गायीला किलोभर पेंडीपेक्षा नेमका डोस परवडेल. आठ-बारा लिटरच्या गायी, पेंढा आणि घरातली म्हातारी माणसं असतील, तर मी गोणीकडे बोट दाखवीन.

दोन पाऊच अजून कपाटात आहेत, तांदळाच्या डब्यामागे. मोठी होल्स्टीन मार्गशीर्षात व्यायची आहे. व्यायच्या आधीचे आणि नंतरचे तीन आठवडे मेथिओनिन यकृताला बरं असतं म्हणतात, तेवढे दिवस सुट्टी काढतो.