जुने शिलाई मशीन मनासारखे निघाले नाही तर: परत करावे, दुरुस्त करावे की तक्रार करावी?

इंदूरमध्ये जुने शिलाई मशीन साधारणपणे दोन वाटांनी हाती येते. एक वाट घरांची आहे. पायाने चालवायचे काळे मशीन वापरात राहिले नाही किंवा नव्या फ्लॅटमध्ये त्याला जागा उरली नाही की ते ओळखीतल्या कुणाला तरी विकले जाते. दुसरी वाट परदेशीपुऱ्यासारख्या भागांतल्या तयार कपड्यांच्या छोट्या कारखान्यांची आहे; तिथून निघालेली मोटरवरची मशीने जुन्या मालाचे दुकानदार विकत घेतात आणि थोडीफार साफसूफ करून पुढे विकतात. घरी आणल्यावर टाका नीट येत नाही, चाक जड फिरते किंवा मशीन खडखडते असे लक्षात आले, म्हणजे विक्रेत्याला परत करणे, स्वतः खर्च करून दुरुस्त करून घेणे, बदलून किंवा विकून मोकळे होणे आणि ग्राहक आयोगाकडे जाणे असे चार मार्ग समोर असतात. यांपैकी कोणता बरा, हे मशीन कोणत्या वाटेने आले यावर बरेच अवलंबून आहे.

पहिल्या दोन मार्गांची तुलना करताना एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे हे दोन मार्ग एकमेकांच्या आड येतात. मिस्त्रीने मशीन उघडून शटल (सुईखालचा, वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा भाग) बदलले किंवा शाफ्टला (आतल्या फिरत्या दांड्याला) हात लावला की, दोष आधीपासून होता की उघडल्यामुळे झाला, हा वाद विक्रेत्याला आयताच मिळतो. म्हणून दुकानातून घेतलेल्या मशीनच्या बाबतीत मिस्त्रीला बोलावण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हॉट्सॲपवरचा संदेश आणि टाक्याचा छोटा व्हिडिओही पुरतो. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे माल नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरले जाते, त्यामुळे इथे दिरंगाई महागात पडते.

मात्र संदेश पाठवण्यापूर्वी हा दोष आहे की नुसती मांडणी चुकली आहे, हे घरच्या घरी तपासता येते आणि ते तपासलेच पाहिजे. सुई नवी घालावी; घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, कारखान्याच्या मशीनच्या सुईचा गोल असतो, आणि चुकीची किंवा उलटी बसवलेली सुई चांगल्या मशीनलाही टाके सोडायला लावते. मग प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर उचलून वरून लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा ओवावा आणि दुपदरी सुती कापडावर वीतभर शिवण घालावी. कापडाच्या खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नाही किंवा वरचा ताण ढिला आहे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसत असतील, तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिन केसचा बारीक स्क्रू सैल आहे. यांपैकी कशासाठीही मशीन परत करण्याची गरज नाही. नवी सुई आणि योग्य ताण असूनही टाके सुटत राहिले, तर शटलचे टोक झिजले असण्याची किंवा सुई आणि शटल यांचा मेळ बिघडला असण्याची शक्यता मोठी असते. चाक धरून, सुई ज्यात बसते तो मशीनचा दांडा हाताने वरखाली हलवून पाहिल्यास तो स्पष्ट हलत असेल, किंवा ओतीव लोखंडाच्या अंगाला तडा असेल, तर मात्र दोष खोलवरचा आहे.

घरगुती काळ्या मशीनच्या बाबतीत माझा कल निःसंशय दुरुस्तीकडे आहे. रामबागेतल्या आमच्या परिचयाच्या एका काकूंनी ओळखीतून घेतलेल्या मशीनचे चाक इतके जड फिरत होते, की ते परत देण्याचे त्यांनी जवळजवळ नक्की केले होते. मिस्त्रीने वरची पट्टी काढली तेव्हा कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली सुताचा नमदा दाबून बसलेला होता आणि शटलभोवती खोबरेल तेल सुकून राळेसारखे तपकिरी झाले होते. रॉकेल सोडून मशीन रात्रभर तसेच ठेवले, सकाळी सगळे पुसून शिलाई मशीनचे पातळ तेल घातले, आणि चाक एका बोटाने फिरू लागले. खाण्याचे किंवा केसांचे तेल घालण्याची सवय आपल्याकडे अनेक घरांत होती, त्यामुळे जड मशीन म्हणजे झिजलेले मशीन असे मानू नये. या मशीनची शटल, बॉबिन केस, दाते, पट्टा हे भाग आजही मिळतात आणि बसवणारे मिस्त्रीही आहेत. शिवाय विकणारे एखादे कुटुंब असेल, तर त्यांच्याकडून पैसे परत मागताना संबंध दुखावतात ते वेगळेच.

कारखान्याच्या मशीनचे गणित निराळे आहे. ते मिनिटाला हजारो टाके घालते आणि त्याच्या खालच्या तबकात तेल लागते. लोडिंग रिक्षातून आणताना हे तेल काढून घेतलेले असते आणि ते पुन्हा न भरता मशीन पळवले, तर आतले भाग घासून खराब होतात. वरच्या छोट्या काचेत तेल उडताना दिसत नसेल, तर मशीन ताबडतोब थांबवावे. तसेच चालवत राहिल्यावर परताव्याचा दावा टिकवणे कठीण. पण तेल पुरेसे असूनही शाफ्ट आवाज करत असेल किंवा मोटर तापून बंद पडत असेल, तर स्वतःच्या पैशाने दुरुस्ती सुरू करू नये. आधी दुकानदाराशी बोलावे, आणि तो पैसे परत द्यायला राजी नसेल तर दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याचा प्रस्ताव लेखी ठेवावा. माझ्या मते दुकानातून घेतलेल्या मशीनसाठी सर्वांत लवकर निकाली निघणारा उपाय हाच आहे, कारण दुकानदाराला सुटे भाग स्वस्तात मिळतात आणि ग्राहकाचे काम अडून राहत नाही.

बदलून घेणे किंवा विकून टाकणे हा मार्ग मशीन चांगले असून कामाला जुळत नसेल तरच योग्य. पिको करण्यासाठी सरळ टाक्याचे मशीन घेतले, तर कितीही दुरुस्ती केली तरी त्यावर पिको होणार नाही. त्याला झिगझॅग लागतो. नवशिक्या हाताला, पायपट्टी दाबताच एकदम वेग घेणाऱ्या क्लच मोटरचा वेग झेपत नाही, हीही अशीच विसंगती आहे. दोष असलेले मशीन मात्र तो न सांगता पुढे विकू नये. आपल्याला झालेला मनस्ताप दुसऱ्या शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात घालणे योग्य नाही.

ग्राहक आयोगाचा मार्ग घरगुती विक्रीसाठी बहुधा बंदच असतो, कारण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्याविरुद्ध चालतो. घरातली एखादी वस्तू एकदाच विकणाऱ्याला व्यापारी म्हणता येत नाही. दुकानदाराविरुद्ध हा मार्ग खुला आहे, आणि ‘धंद्यासाठी घेतले म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे कुणी सांगितले तर डगमगू नये: स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठीच घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहकच मानला जातो. ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या बाईसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे २ वर्षांच्या आत करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. काही प्रकरणे तिथेच मिटतात.

तरीही किरकोळ किमतीच्या मशीनसाठी मी हा मार्ग शेवटचा ठेवीन. मालाची तपासणी लागणार असेल तर कायद्याने घालून दिलेली मुदतच ५ महिन्यांची आहे, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागू शकतो. शिवाय खरेदीच्या वेळी मशीन स्वतः चालवून पाहिले असेल, तर तेव्हाच दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल माल विक्री कायदा फारसा आधार देत नाही; आतल्या, लपलेल्या दोषाबद्दल देतो. म्हणून पावतीवर नुसते ‘जुने मशीन’ न लिहून घेता मॉडेल, मोटरसह की मोटरविना, आणि ‘चालू स्थितीत’ हे शब्द लिहून घ्यावेत, आणि दुकानदाराच्या संमतीने दुरुस्ती झालीच तर काढलेले जुने भाग मिस्त्रीकडून मागून घेऊन पावतीसोबत जपून ठेवावेत.