कंडोमिनियममधील फ्लॅट: दीड वर्षाच्या वापरानंतर

लिफ्टची मोटर आणि कंट्रोल पॅनेल बदलण्यासाठी सहा लाख रुपयांची वर्गणी काढल्याचे पत्र हातात पडले. माझ्या नावापुढे १४,४०० आणि त्याच मजल्यावरील वन बीएचकेच्या नावापुढे ७,८०० हे आकडे पाहिले, आणि हा अनुभव लिहायचे ठरवले. पुण्यात फ्लॅट पाहणारे लोक कार्पेट एरिया, पार्किंग आणि महारेरा क्रमांक बारकाईने तपासतात. पण इमारतीची सोसायटी आहे की ती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालील कंडोमिनियम (फ्लॅट प्रत्येकाच्या मालकीचा आणि सामायिक जागेत प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा) आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च, ती वापरा अथवा न वापरा, त्या लिफ्टच्या सर्व सदनिकांत सारखा वाटला जातो. सेवाशुल्कही सारखेच असते आणि पाण्याची आकारणी नळांच्या संख्येवर होते. कंडोमिनियममध्ये मात्र कलम १० प्रमाणे सामायिक खर्च सामायिक जागेतील प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, आणि ती टक्केवारी बिल्डरने नोंदवलेल्या डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे घोषणापत्रात, असते. माझी २.४ आहे, शेजाऱ्यांची १.३. वॉचमन दोघांनाही एकच सलाम करतो.

इथपर्यंतही मी समजून घेतले असते. खरा सल माझ्या टेरेसचा आहे. कायद्यात टक्केवारीचा आधार सदनिकेचे मूल्य हा सांगितला आहे. आमच्या घोषणापत्रात ती क्षेत्रफळावरून काढलेली असून त्यात जोडटेरेसचे अर्धे क्षेत्रफळ धरले आहे. म्हणजे ज्या टेरेसवर पावसाळ्याचे चार महिने पाय ठेवता येत नाही आणि उन्हाळ्यात फक्त कुरडया वाळतात, तिच्यासाठी मी जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, बागेचा माळी आणि आता लिफ्टची मोटर या सर्वांचे जास्तीचे पैसे भरतो. दर महिन्याचे मेंटेनन्सचे बिल आले की मी टेरेसचा हिस्सा वेगळा काढून पाहतो; घरातील मंडळींना हा हिशेब आता पाठ झाला आहे.

पत्राला हरकत घेण्यासाठी घोषणापत्र नीट वाचायला बसलो, तेव्हा मत काहीसे बदलले. या कायद्यात बहुमत म्हणजे हात वर करणाऱ्यांची संख्या नसून घोषणापत्रातील टक्केवारीनुसार ५१ टक्के किंवा अधिक मते होत. लिफ्टची वार्षिक देखभाल करणारी कंपनी तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवत असे आणि तो माणूस पॅनेल बंद-चालू करून जात असे. तिचा करार संपवण्याचा ठराव सभेत मोठ्या फ्लॅटवाल्यांच्या मतांवरच मंजूर झाला, आणि माझे २.४ टक्के त्यात होते. मात्र हीच तरतूद उलटूही शकते. बिल्डरकडे न विकलेले फ्लॅट आणि खालची दुकाने असतील, तर त्यांची मतेही त्याच्याच हातात राहतात, हे नव्या इमारतीत घर घेणाऱ्याने आधी पाहावे.

रिसेलचा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आधीच्या मालकाने थकवलेल्या सामायिक खर्चाची जबाबदारी विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यावरही येते. मात्र कंडोमिनियमच्या मॅनेजर किंवा व्यवस्थापक मंडळाकडून थकबाकीचे लेखी विवरण मागण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे आणि त्यात दाखवलेल्या रकमेपलीकडे तो बांधील राहत नाही. मी ते मागितले होते, म्हणून जुन्या मालकाने थकवलेले रंगकामाचे पैसे व्यवहारातूनच वळते करून घेता आले. ‘आम्ही तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही’ हा युक्तिवादही येथे चालत नाही, कारण सामायिक सोयीचा वापर सोडून खर्चातून सुटका होत नाही.

तेव्हा वन बीएचके घेणाऱ्याला कंडोमिनियम फायद्याचे आहे, असे मी हिशेबाने सांगू शकतो. मोठा फ्लॅट, त्यातही टेरेसचा, घेणाऱ्याने टोकन देण्यापूर्वी घोषणापत्राची नोंदणीकृत प्रत मागवून टक्केवारीचा तक्ता पाहावा आणि वर्षाच्या सामायिक खर्चाला त्या टक्केवारीने गुणून बघावे. आमची टक्केवारी सुधारित घोषणापत्र नोंदवल्याशिवाय बदलणार नाही, आणि त्यावर वन बीएचकेवाले सह्या करतील असे त्यांच्यापैकी एकानेही मला आजवर सुचवलेले नाही.