पावसाळा काढल्यावर लिहितोय: टाइल अॅडेसिव्ह चांगलं, पण 'कव्हरेज' निव्वळ थाप

आधी दोन स्टार दिले होते, आता चार करतोय, पाचवा मिळणार नाही. टाइल भिंतीला चिकटवायची ही पावडर, पाण्यात कालवून लावायची. 20 किलोची ग्रे पिशवी, आयएस 15477 (टाइल अॅडेसिव्हचं भारतीय मानक) टाइप 2, बाकी स्पेक दुकानदार सांगतोच.

बिल्डिंग डोंबिवलीतली, 88 सालची. बाथरूमला चार फुटांपर्यंत 6 बाय 6 इंची पांढऱ्या टाइल्स आणि वर ऑइल पेंट. आता घरच्यांना पाहिजे 2 बाय 4 फुटाची व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल, तीही पार सीलिंगपर्यंत. म्हणजे जिथे पाव किलोची टाइल होती तिथे चौदा-पंधरा किलोची लटकणार. जुन्या टाइल्स काढल्या तर सोबत गिलावाच खाली, नळाच्या बाजूला तर रव्यासारखा भुरभुर गळत होता, आतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप सडलेला. तो बदलून सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) टाकला, प्रेशर टेस्ट केली, पाइपासाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या भरून वर चिकन मेश (तारेची जाळी) मारली. दुकानदार म्हणत होता 'साहेब हे कशालाही धरतं'. अहो धरतं ना, पण समोर जे आहे त्यालाच धरणार, गिलावाच विटेपासून सुटलेला असेल तर टाइल गिलाव्याला घेऊनच खाली येते. म्हणून हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकून बघा, भद्द वाजेल तेवढं फोडून टाका, आणि ऑइल पेंट पूर्ण खरवडून छिन्नीने टाचे मारा, पेंटवर काहीही टिकत नाही.

आता मुद्द्याचं. पिशवीवर कव्हरेज, म्हणजे एका पिशवीत किती भिंत होते ते, छापलंय 50 ते 55 स्क्वेअर फूट. पहिल्या भिंतीला, जिथला गिलावा शाबूत होता म्हणून ठेवला होता, पिशवी 25 फुटांतच खलास!! मला वाटलं मिस्त्री माल उडवतोय, मग वाटलं पिशवीत वजन कमी आहे, वजनकाट्यावर ठेवली तर बरोबर 20. कस्टमर केअरला इतके फोन केले की शेवटी एक माणूस आला, सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला लावली, मधे बोट जाईल एवढी फट. म्हणाला कव्हरेज 3 एमएम जाडीच्या थराला आहे सर, अॅडेसिव्ह भरावासाठी नसतं. मान्य. पण 3 एमएम हे कव्हरेजच्या शेजारी मुंगीच्या अक्षरात का? जाडी दुप्पट की कव्हरेज अर्धं, हे गणित गिऱ्हाइकाने पिशवी संपल्यावर करायचं का? जुन्या बिल्डिंगमधली कुठली भिंत सरळ असते ते दाखवा मला.

वाळू-सिमेंट अॅडेसिव्हच्या मानाने फुकटात पडतं, त्यामुळे राहिलेल्या भिंतींना ओळंबा लावून 1:4 चा गिलावा करून घेतला, आठवडाभर पाणी मारलं आणि मग नीट वाळू दिला. एवढे दिवस सगळं घर एका कॉमन टॉयलेटवर, आईची रोजची बडबड वेगळी. पण त्यानंतर लावलेल्या भिंतींवर पिशवी खरंच 50 च्या आसपास गेली, म्हणून स्टार वाढवले.

मिस्त्रीवर मात्र लक्ष ठेवा. सवयीने टाइलमागे मालाचे पाच लाडू ठेवून चिकटवतात, मधे सगळं पोकळ. दातेरी थापीने भिंतीवर एकाच दिशेने रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीची पांढरी पावडर पुसून तिथेही पातळ हात मारायचा. आम्ही एक ताजी लावलेली टाइल उचलून बघितली, पाठ पूर्ण भरलेली होती तेव्हा पुढे जाऊ दिलं. घट्ट होत आलेल्या मालात परत पाणी घालत होता तेही बंद केलं. व्हिट्रिफाइड भिजत घालायची तर गरजच नाही, ती पाणी पितच नाही जवळजवळ.

पूर्ण पावसाळा गेला, गिझर रोज चालतो, नाणं वाजवत सगळ्या भिंती फिरलो, कुठेच पोकळ नाही. टॉवेल रॉडला ड्रिल मारताना जीव मुठीत होता पण एक टाइल हलली नाही. हे मात्र खरंच भारी.

राहिला पाचवा स्टार. दुकानदार आधी म्हणाला उरलेली पिशवी परत घेतो, आता म्हणतो कंपनी घेत नाही. एक सीलबंद पडून आहे, तारीख अजून बाकी आहे, कोणाला हवी तर डोंबिवली ईस्टला येऊन न्या, भाव बिलाचाच लागेल.